धुक्यासाठी एक दिवस

शनिवारी सकाळी सहाला सरांचा फोन आला की आम्ही समजायचो, आज बाहेर काही म्हणजे काही दिसणार नाही. "वहिनी, आज डोंगर बंद आहे, चला," एवढंच म्हणायचे आणि फोन ठेवायचे. इथे बेलव्ह्यूत बाकी सगळ्या जगाचं उलट असतं. ढग हटले, लांबचा तो बर्फाचा डोंगर दिसायला लागला की ऑफिसात लोक एकमेकांना 'माउंटन इज आउट' अशी बातमी देतात आणि जेवणानंतर अर्धं ऑफिस गायब होतं. सर अशा दिवशी घरी बसून कपडे धुवायचे. ॲपवर धुक्याचं चिन्ह आलं की मात्र स्टीलच्या डब्यात पोहे भरून, अडीच तास ड्राइव्ह करून त्याच डोंगरावर जायचे, कठड्यापाशी घडीची खुर्ची मांडायचे आणि समोरच्या पांढऱ्याकडे बघत बसायचे.

मी पहिल्यांदा त्यांच्यासोबत गेले तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी नागपूरची. आमच्याकडे ऊन असतं आणि जे आहे ते लख्ख दिसतं. मी तोंडावर म्हटलं, सर, हेच बघायचं होतं तर घरी फ्रीजचं दार उघडून समोर बसलो असतो की. ते हसले, पोह्यांवर लिंबू पिळलं आणि त्यांचं ते नेहमीचं वाक्य मला पहिल्यांदा ऐकवलं. दिसलं की संपलं, म्हणाले. दिसलं की माणूस फोटो काढतो आणि जेवायला जातो. आमच्या बाजूने लोक चुकचुकत, मुलांना ओढत परत चालले होते आणि सर प्रत्येकाला मान लववून 'परफेक्ट डे' म्हणत होते. एका बाईने आपल्या मुलीला त्यांच्यापासून दुसऱ्या बाजूला घेतलं.

सर म्हणजे आमच्या कंपनीतले सगळ्यात जुने टेस्टर. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका काढायच्या, हे काम. अमेरिकेत येण्याआधी ते सांगलीकडे एका पॉलिटेक्निकमध्ये दोन वर्षं शिकवत होते, तेवढ्यावर आयुष्यभर सर झाले. त्यांचा चुकांचा रिपोर्ट कायम माफीने सुरू व्हायचा. 'आपल्याला त्रास देतो आहे, पण' अशी सुरुवात, पुढे तीन परिच्छेद, आणि शेवटी जी चूक निघायची ती अशी की लिहिणाऱ्या पोराचा शुक्रवार गेलाच म्हणून समजा. शिव्या घाला पण हे असं गोड नका लिहू, म्हणून मुलं हात जोडायची.

त्यांच्या घरात गाडीत मावणार नाही अशी एकही वस्तू नव्हती. सोफा नाही, कपाट नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत त्यांची चौदा वर्षं गेली होती आणि उद्या कुणी 'निघा' म्हटलं तर दोन खेपांत निघता आलं पाहिजे, असा त्यांचा हिशोब होता. रांग किती सरकली त्याचा तक्ता सरकार दर महिन्याला लावतं. त्या दिवशी सर शिरा करायचे. रांग पुढे सरकली तरी शिरा, जागेवर राहिली तरी शिरा. एकदा ती दोन वर्षं मागे गेली, त्या संध्याकाळी शिऱ्यात तूप इतकं होतं की माझा नवरा म्हणाला, सर, अजून एकदा मागे गेली तर आमचं कोलेस्टेरॉल बघा.

बायको गेली तेव्हा त्यांची मुलगी सई नऊ वर्षांची होती. दुसरं लग्न कर म्हणून सगळे त्यांच्या कानीकपाळी ओरडले, त्यांनी कुणाचंच ऐकलं नाही. वेण्या घालायला शिकले. दोन्ही वेण्या सारख्या झाल्या नाहीत तर सोडायच्या आणि पहिल्यापासून घालायच्या, मग शाळेची बस चुको. सई वैतागायची, 'बाबा, नोबडी केअर्स' म्हणायची. पण ती बापाची होती. दोघं मिळून रोज संध्याकाळी भाजी निवडायचे आणि ती इंग्रजीत दिवसभराचं सांगायची, ते मराठीत विचारायचे. मी कितीदा त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते ऐकलं आहे. सई इथेच जन्मलेली, तिचा पासपोर्ट अमेरिकेचा. तिला कुठल्या रांगेत उभं राहायचं नव्हतं. सरांना होतं.

आता ती शिक्क्याची भानगड सांगितली पाहिजे. आमच्यासारख्यांचा व्हिसा वाढवून मिळतो तो कागदावर. तेवढ्यावर खुशाल इथे राहा, काम करा. पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत यायला पासपोर्टवर नवा शिक्का लागतो आणि तो बाहेरच्या वकिलातीत मुलाखत देऊन घ्यावा लागतो. मिळाला तर ठीक. अडकला तर तुम्ही तिकडे आणि घरदार, पोरं इकडे. सरांचा शिक्का संपून नऊ वर्षं झाली होती आणि नऊ वर्षं ते विमानतळावर फक्त दुसऱ्यांना सोडायला जात होते. वडील गेले तेव्हासुद्धा त्यांनी फोनवरच बघितलं.

आणि या बाबतीत आमच्या लोकांची एक खोड आहे. प्रत्येक माणूस अर्धा वकील असतो. माझं झालं तेव्हा असं होतं, म्हणून तुझंही तसंच होईल, एवढ्या भांडवलावर सल्ला द्यायचा. या अर्ध्या वकिलांची मी मुख्य. माझं ग्रीन कार्ड झालं, सिटिझनशिप झाली, आणि तरी ग्रुपवर कुणी व्हिसाचं विचारलं की माझं उत्तर पहिलं. खऱ्या वकिलाला विचारायच्या आधी लोक मला विचारायचे आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

मेई आमच्याच टीममधली. तिचं माहेर चीनमधल्या हुआंगशानच्या पायथ्याशी. तिच्या स्क्रीनवर त्या डोंगरांचे फोटो फिरत असायचे, ढगात बुडालेली टोकं, वरती वाकडी पाइनची झाडं. सर चहाचा कप घेऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहायचे ते चहा गार होईपर्यंत. तिने एकदा सांगितलं की तिथे वर्षातले बरेच दिवस धुकं असतं आणि लोक तिकीट काढून ते बघायला येतात. सरांना हे ऐकून इतका आनंद झाला, जणू आपल्यासारखा एक अख्खा देश आहे हे त्यांना आजच कळलं. पाच वर्षं आम्ही लंच टेबलावर ती ट्रिप ठरवली आणि पाच वर्षं ती शिक्क्यापाशी येऊन थांबली.

मग त्यांची आई आजारी पडली. सरांनी मनाचा हिय्या करून मुंबईची मुलाखतीची तारीख घेतली आणि ती नेमकी मेई माहेरी जाणार त्याच आठवड्यातल्या शुक्रवारची मिळाली. आमचा मुलगा कॉलेजला गेलेला, आम्ही दोघं मोकळेच. ठरलं. चौघांनी आधी चीनला जायचं, तिथून सर एकटे मुंबईला, शिक्का घ्यायचा, सांगलीला आईला भेटायचं आणि परत. सई दहा दिवस मैत्रिणीकडे राहणार होती. निघताना तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, 'मावशी, टेक केअर ऑफ हिम.' मी म्हटलं, अगं, माझ्यावर सोड.

नवऱ्याने इलेक्ट्रिक कुकर आणि खिचडीचं सामान घेतलं, सरांनी दोन रेनकोट. पार्कच्या फाटकात पातळ पिवळे प्लास्टिकचे रेनकोट विकणारी एक बाई होती आणि ती हातावर हात ठेवून बसली होती, कारण आकाश निळंशार होतं. केबल कारने वर गेलो. दगडी पायऱ्या, पायऱ्यांवर हजारो माणसं, बांबूच्या दोन टोकांना हॉटेलच्या चादरींचे गठ्ठे लटकवून चढणारे हमाल, आणि समोर प्रत्येक डोंगर, प्रत्येक झाड धुतल्यासारखं स्वच्छ. लोक आनंदाने ओरडत होते. मेईला अनोळखी लोक येऊन सांगत होते, नशीबवान आहात, असं कधी दिसत नाही. ती बिचारी सरांची माफी मागायला लागली. तीन दिवस तेच. मी चारशे फोटो काढले. सर डोंगराकडे पाठ करून बाकावर बसायचे आणि हमालांना वाट करून द्यायला दर दोन मिनिटांनी पाय वर घ्यायचे.

मंगळवारी दुपारी त्यांना खाली उतरून शांघायची गाडी पकडायची होती. बुधवारी विमान, गुरुवारी मुंबईत बोटांचे ठसे द्यायचे आणि शुक्रवारी मुलाखत. बॅग भरून लॉबीत बसले होते. काउंटरवरच्या मुलीने मेईला सांगितलं, आज संध्याकाळपासून पाऊस आहे, उद्या सकाळी सगळं धुक्यात जाईल. मेईने ते इंग्रजीत सांगितलं. सर बॅगेकडे बघत राहिले, मग उठले, बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला आणि म्हणाले, चला, निघतो. एवढं सरळ होतं. ते निघाले होते.

मला त्यांच्याकडे बघवेना. नऊ वर्षांनी माणूस घराबाहेर पडला, त्याच्या आयुष्यातली एक गोष्ट उद्या सकाळी येणार आणि हा आज निघणार. माझ्या अंगात दया होती की नसती उठाठेव होती, मला आजही सांगता येत नाही.

"सर, नऊ वर्षं थांबलात, एक दिवस थांबा," मी म्हणाले. "तारीख पुढे ढकलता येते. मी स्वतः ढकलली होती."

त्यांनी बॅग खाली ठेवली नाही. "नक्की ना, वहिनी?"

"नक्की."

नवरा हळूच म्हणाला, जाऊ दे ना त्यांना. मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. सरांनी पासवर्ड एकेक अक्षर सांगितला, त्यात सईची जन्मतारीख होती. नव्या तारखा काही दिसेनात. मला वाटलं, आधीची सोडल्याशिवाय नवी दाखवणार नाही. माझ्या वेळी तसंच होतं, निदान मला तसंच आठवत होतं. मी आधीची तारीख कॅन्सल केली. 'तुम्हाला खात्री आहे का' असं त्या पानाने मला विचारलंसुद्धा. मी हो वर दाबलं. मग नव्या तारखांचं पान उघडलं आणि त्यावर एकही तारीख नव्हती. पुढच्या महिन्यात नाही, त्याच्या पुढच्या नाही, जिथवर कॅलेंडर जात होतं तिथवर नाही. सोडलेली शुक्रवारची जागाही दुसऱ्या कुणीतरी घेतली होती. मी पान पुन्हा पुन्हा उघडत होते. सरांनी शेवटी माझ्या हातातून लॅपटॉप घेतला, अलगद मिटला आणि म्हणाले, बघू, होईल काहीतरी. मग चहा कोणाकोणाला हवाय ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी धुकं आलं. हातभर अंतरावरची मेई मला दिसत नव्हती, फक्त तिचा आवाज येत होता. सर कठड्याला धरून उभे होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. पाहुण्याने खारट आमटीला चांगली झाली आहे म्हणावं तसं ते माझ्याकडे वळून म्हणाले, छान आहे, वहिनी. आणि लगेच खिशातून फोन काढून तारखांचं पान उघडलं. दहा मिनिटांत आत आले.

पुढचं सांगायला फार नाही. ते मुंबईला गेले, वकिलातीतून 'ऑनलाइन तारीख घ्या' एवढंच ऐकून आले. काही महिन्यांनंतरची एक मिळाली, ती वकिलातीने सगळ्यांच्या तारखांबरोबर पुढे ढकलली. मग आणखी पुढे. कंपनीने काही आठवडे तिथून काम करू दिलं, नंतर नियमावर बोट ठेवून नोकरी संपवली. नोकरी नाही म्हटल्यावर शिक्का कशावर मारणार? मीच त्यांचं अपार्टमेंट रिकामं केलं. खरंच दोन खेपांत झालं. सई आमच्या वरच्या खोलीत राहायला आली. सर सांगलीत आईजवळ.

पहिले दोन महिने सई दिवसातून दोनदा त्यांना फोन करायची. भाजी निवडायची वेळ झाली की फोन टेबलावर उभा करायची, तिकडे त्यांची सकाळ असायची. नोकरी गेली त्या आठवड्यात त्यांचं काहीतरी मोठं बोलणं झालं. खोलीचं दार बंद होतं, मला फक्त सईचा चढलेला आवाज आला. त्यानंतर ती त्यांचा फोन उचलेना. उचलला तर 'हं', 'ओके', 'बाय'. मी म्हटलं, सुट्टीत जाऊन ये, तिकीट काढते. नको म्हणाली. तिच्या शाळेचा पदवीचा कार्यक्रम सरांनी माझ्या फोनवर बघितला, कारण तिने स्वतःचा दिला नाही. मला वाटायचं, वयच तसं आहे. मला वाटायचं, ती परिस्थितीवर चिडली आहे. मी तिला मेथीचे पराठे करून घालायची, रात्री पांघरूण नीट करायची, आणि मनातल्या मनात म्हणायची की कधीतरी हिला सांगेन, योग्य वेळ आली की सांगेन.

ऑगस्टमध्ये ती होस्टेलला जायची बॅग भरत होती. मी कपड्यांच्या घड्या करत होते. सहज बोलल्यासारखं म्हणाली, "मावशी, आय नेव्हर थँक्ड यू. तू त्यांच्याशी किती भांडलीस ते बाबांनी सांगितलं मला. जा जा म्हणत बॅग घेऊन दारापर्यंत गेलीस. ही डिडन्ट लिसन. ही पिक्ड द फॉग." आणि पुढचा टी-शर्ट माझ्याकडे दिला.

मी बाथरूममध्ये गेले, दार लावलं, आणि सांगलीला फोन केला. तिकडे पहाट होती, सर जागेच होते. मी विचारलं, तुम्ही हे काय सांगितलंत तिला?

"तिला रागवायला कुणीतरी हवं होतं, वहिनी," ते म्हणाले. "तुमच्यावर रागावली असती तर राहिली कुठे असती? मी लांब आहे. लांबच्या माणसावर रागावलेलं परवडतं."

मी म्हटलं, मी आत्ता जाऊन खरं सांगते. ते म्हणाले, नका सांगू, तिचं घर एकच आहे. मग आईला औषध द्यायची वेळ झाली म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी बाथटबच्या काठावर बसून रडले. आणि रडता रडता मला बरं वाटलं. लिहायची लाज वाटते, पण वाटलं. सांगायला नको, एवढं एकच त्यातून माझ्या कानाने उचललं होतं.

दोन दिवसांनी आम्ही तिला होस्टेलवर सोडायला गेलो. नवरा खाली गाडी लावत होता. खोलीत दोन पलंग, दोन टेबलं, खिडकीतून कॅम्पसची हिरवळ. मी तिच्या उशांना अभ्रे घालत होते. तिचा फोन वाजला, स्क्रीनवर 'बाबा'. नव्या खोलीत पोहोचली का, ते बघायला त्यांनी व्हिडिओ कॉल केला होता. तिने बघितलं आणि फोन टेबलावर पालथा घातला.

"उचल गं," मी म्हणाले.

"यू आर टू नाइस, मावशी," ती म्हणाली. "त्यांनी तुझं ऐकलं असतं तर आज इथे असते."

आता तर ती माझ्या घरात राहत नव्हती. तिला स्वतःची खोली होती, पलंग होता, माझ्यावर रागावून जायला जागा होती. आता न सांगण्याला कसलंही कारण उरलं नव्हतं. फोन पालथा पडूनच वाजत राहिला, बराच वेळ वाजला. मी दुसरी उशी घेतली आणि तिला अभ्रा घातला.